कपाटामागची दोन वीत भिंत

हिनो, १९ फेब्रुवारी

तोकुजी भाऊजी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही हे पत्र न फोडताच शेगडीत घातलं नसेल, तर आधी एवढं सांगते की इकडे कुणी मेलेलं नाही. बावीस वर्षांनी घरून पत्र आलं की माणसाच्या मनात तेच येणार. तुमचे दादा बरे आहेत. उजवा खांदा वर जात नाही. बोलणं पूर्वीसारखंच, म्हणजे नाहीच.

पत्ता क्योतोच्या मातीवाल्यांकडून मिळवला. तुम्ही तिकडे आओमोरीत सफरचंदांच्या गोदामांना सिमेंटच्या जमिनी घालता असं ते म्हणाले. तीन पिढ्या मातीच्या भिंती लिंपणाऱ्या घरातला मुलगा सिमेंट घालतो, यावर मामंजी काय म्हणाले असते ते तुम्हीच ठरवा. मी टोमणा मारत नाहीये. हात थांबत नाही म्हणून लिहून जातेय. हे पत्र तीनदा लिहून फाडलं. चौथ्यांदा फाडायला कागद उरलेला नाही.

मुद्द्यावर येते. चहाचा विधी शिकवणाऱ्या ओकुनोबाई. नाव वाचून तुमच्या कपाळावरची शीर उठली असेल, तरी पुढे वाचा. बाई आता शहाऐंशीच्या आहेत. बागेतली त्यांची चहाची खोली, जिच्या भिंती तुम्ही लिंपल्या होत्या आणि तुमच्या दादांनी सगळ्यांसमोर खरवडून काढल्या, ती पाडून तिथे दोन गाड्या उभ्या करायचा त्यांच्या मुलाचा बेत आहे. बाई म्हणाल्या, मी खोली नीट करून घेते, नीट झालेल्या खोलीला तू हात लावायचा नाहीस. दोघांचं ठरलं ते असं: शरदापर्यंत भिंती झाल्या तर खोली राहील, नाहीतर पडेल. मुलगा साठीचा आहे आणि आईइतकाच हट्टी.

तर सुताराने भांडी ठेवायचं कपाट भिंतीपासून सोडवलं. तुम्हाला आठवत असेल, ते भिंतीला खिळलेलं होतं, म्हणून त्या दिवशी दादांची थापी त्यामागे पोचली नव्हती. कपाटामागे तुमची दोन वीत रुंद भिंत तशीच्या तशी राहिली होती. बावीस वर्षं अंधारात.

भाऊजी, ज्या डागांपायी तुम्ही घर सोडलंत ते डाग आता काय झालेत, हे मला लिहिता येत नाही. शाईचा थेंब ओल्या कागदावर पसरावा तसा एकेक ठिपका पसरलाय. मध्ये काळा, कडेला तांबूस, मग मातीच्या रंगात विरलेला. ओकुनोबाई तिथे जमिनीवरच बसल्या आणि रडल्या. मग दादांना बोलावणं पाठवलं. म्हणाल्या, सगळी खोली अशी पाहिजे, आणि ज्या हाताने हे केलं तो हात पाहिजे.

दादा घरी आले, जेवले, ताट स्वतः धुतलं. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, ताट धुताना मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं.

तुम्ही या. हे पत्र मी लिहिलंय हे त्यांना माहीत नाही.

मित्सुए


हिनो, २ एप्रिल

भाऊजी,

तुमचं कार्ड मिळालं. एकच ओळ, पण अक्षर मामंजींसारखं झालंय तुमचं. "ज्याने खरवडली त्याने विचारावं." बरोबर आहे. मी त्यांच्या जागी असते तर विचारलं असतं. तुमच्या जागी असते तर मीही हेच लिहिलं असतं. माझ्या जागी बसून मात्र काय करावं ते कळत नाही, म्हणून दिवसभर घरात येरझाऱ्या घालते. काल दोनदा तांदूळ धुतला आणि दोन्हीदा शिजवायचा राहिला.

दादांना आडून आडून सुचवून पाहिलं. आधी म्हटलं, खांदा वर जात नाही, वरची अर्धी भिंत कोण करणार. म्हणाले, फळी बांधीन. मग म्हटलं, ओकुनोबाईंना तुमचा हात नकोय, त्यांनी तोंडावर सांगितलंय. तर म्हणाले, त्यांना ठिपके हवेत, ते मी काढून दाखवतो. तेव्हापासून अंगणात नमुन्याच्या फळ्या मांडल्यात. लोखंडाचा कीस मागवला, मातीत मिसळला, लिंपला, पाणी मारलं. अकरा फळ्या झाल्या. भाऊजी, त्या फळ्यांना गोवर आलाय. ठिपके सगळे सारखे, सगळे लाल, सगळे वरच्या वर. दादा रोज सकाळी त्यांच्यासमोर उकिडवे बसतात आणि एकेक फळी उलटी करून ठेवतात.

आपल्या घरात मातीला नावं किती, आठवतं? गोणीत असेपर्यंत त्सुची. पाणी घातलं की दोरो. वाळून हवेत उडाली तर होकोरी. पण माती कुठेही सांडो, कशावरही लागो, तिला योगोरे म्हणायचं नाही, हा मामंजींचा दंडक. घाण, मळ, डाग, ते सगळं योगोरे. माती कधीच नाही. मी नवी नवरी होते तेव्हा विचारलं होतं, दारातला योगोरे पुसून घेऊ का. मामंजी जेवत होते. त्यांनी काड्या खाली ठेवल्या आणि उठून गेले. सासूबाईंनी मला आत नेऊन समजावलं. त्या दिवशी मी या घरात काय बोलायचं नाही ते शिकले. फार नीट शिकले, असं आता वाटतं.

आणि त्याच घरातल्या थोरल्या मुलाने परक्यांच्या खोलीत, गिऱ्हाइकासमोर, धाकट्या भावाच्या भिंतीकडे बोट दाखवून तोच शब्द उच्चारला. "हा योगोरे मी साफ करून देतो." तुम्ही डागांमुळे घर सोडलं नाहीत, त्या शब्दामुळे सोडलंत. मला माहीत आहे. मी तिथेच उभी होते.

दादांनाही माहीत आहे. पण ते कबूल करायला त्यांना अजून किती फळ्या लागतील ते सांगता येत नाही. तुम्ही थोडी कळ काढा. थोडी म्हणजे काय, बावीस वर्षं काढलीतच.

सोबत लाल कोन्न्याकु, आपल्याकडच्या कंदाच्या वड्या, पाठवतेय. तिकडे मिळत नाही असं ऐकलं. जाऊबाईंना माझा नमस्कार सांगा. तोंड पाहिलेलं नाही, पण तुमच्याबरोबर राहतात म्हणजे सोशीक असणार.

मित्सुए


हिनो, ११ मे

भाऊजी,

चार पानी पत्र! तुम्ही चार पानं लिहिलीत यावर मला अजून विश्वास बसत नाही. पाकीट हातात आलं तेव्हा दादा समोरच होते, लपवायची सोय नव्हती. म्हणाले, वाच. मी वाचलं. सगळं, मोठ्याने.

तुम्ही लिहिलंय की लोखंड तुम्ही मुद्दाम घातलं होतं. क्योतोच्या एका जुन्या मंदिरात तशी भिंत पाहिली होती, कुणाला न सांगता तुम्ही ती करून बघत होतात. डाग पडले ते पहिलंच लक्षण होतं, दहा वर्षं थांबले असते तर कळलं असतं, पण दादांना दहा दिवसही धीर नव्हता. मी हे वाचत होते आणि दादा ऐकत होते. मी एक ओळ चुकून दोनदा वाचली. त्यांना वाटलं मला भरून आलंय.

मग ते म्हणाले, "म्हणजे मीच चुकलो."

भाऊजी, हे तीन शब्द त्या माणसाच्या तोंडून मी कधी ऐकले नव्हते. सुतकी तोंड करून नाही बोलले, साधेपणाने बोलले. पाऊस आला म्हणावा तसे. मग अंगणात गेले आणि अकराच्या अकरा फळ्या धुऊन टाकल्या. आल्यावर म्हणाले, तोकुजीला मी स्वतः लिहितो, नीट माफी मागतो, दुकानाची पाटीही पुढे दोघांच्या नावाने लावू. त्या दिवसापासून ते शीळ घालतायत. बेसूर. तुम्ही लहान असताना घालायचे तशीच असेल, मी तर ऐकली नव्हती.

तुम्ही सप्टेंबरच्या शेवटी येतो म्हणालात. ओकुनोबाईंना कळवलं. त्यांनी मुलाला सांगून गाड्यांचा विषय बंद केला. सगळं मनासारखं झालं. मला मात्र चैन नाही. उठते, बसते, फडताळ लावते, पुन्हा काढते. शेजारीण म्हणाली, मित्सुएबाई, तुमच्याकडे पाहुणे येणार आहेत का.

एक विचारू? लोखंड किती घातलं होतंत? कीस होता की भुकटी? आणि माती कुठल्या चाळणीने चाळली होती? दादा विचारतील म्हणून नाही, मलाच हवंय. खरं काय ते लिहा.

मित्सुए


हिनो, २८ मे

भाऊजी,

"मूठभर, अंदाजाने. चाळण नेहमीचीच." एवढंच तुमचं उत्तर.

नेहमीची चाळण नव्हती ती.

हे पत्र मी दादांना सांगून लिहीत नाहीये. त्यांचं पत्र काल रात्रीच्या जेवणाआधी लिहून झालं. तीनदा उतरवून काढलं, चांगला कागद आणला, आता ते कोनाड्यात फुलदाणीखाली ठेवलंय, उद्या टपालात टाकणार आहेत. त्यात त्यांनी तुमची माफी मागितलीय, गुडघ्यावर बसून मागावी तशी. ते पत्र तुमच्याकडे पोचायच्या आत हे पोचलं पाहिजे, म्हणून हे मी आज स्टेशनवर जाऊन टाकणार आहे.

तुम्ही त्या भिंतीत लोखंड घातलं नव्हतंत. ते मी घातलं.

त्याच्या आदल्या डिसेंबरात वर्षअखेरची साफसफाई चालली होती. सगळं घर मी घासून काढलं. शेडमधली मामंजींची पितळी जाळीची चाळण दिसली, बारीक माती चाळायची, त्यांच्या वडिलांपासूनची. तिच्या भोकांत माती अडकलेली. मला वाटलं, हीपण लख्ख करू, मामंजी शाबासकी देतील. ताठ केसांचा ब्रश घेतला आणि इतकी घासली की जाळी मधोमध फाटली. मुठीएवढं भोक.

मी ती परत खिळ्याला टांगली, भोक भिंतीकडे करून. फेब्रुवारीत तुम्ही म्हणालात, वहिनी, ओकुनोबाईंच्या दोन गोणी चाळून ठेवता का. चाळायचं काम घरातल्या बायकांचंच होतं, तुम्ही सहज सांगितलंत. मी हो म्हटलं. मग माझ्या माहेरची चाळण काढली. माझं माहेर ओतारी, तुम्हाला माहीत आहे. बाबा चहाच्या लोखंडी किटल्या ओतायचे. त्यांची साच्याची वाळू चाळायची ती चाळण. लग्नात तिच्यात लोणच्याच्या बरण्या बांधून दिल्या होत्या, म्हणून इकडे आली. लोखंडी जाळी, गंजलेली, आणि लाकडी चौकटीच्या सांध्यांत चाळीस वर्षांची भट्टीची भुकटी. मी ती झटकली. धुतली नाही, कारण धुण्याची आता भीती बसली होती. दोन गोणी माती तिच्यातून चाळली. मातीत काळे कण दिसले, मला वाटलं एवढ्याने काय होतंय.

जूनमध्ये डाग फुटले. दादा म्हणाले, धाकट्याने गंजक्या फावड्याने माती कालवली. तुम्ही म्हणालात, मी फावडं लावलंच नाही. दोघंही खरं बोलत होतात आपापल्या परीने. मग ओकुनोबाईंकडे माफी मागायला गेलो. मिठाईची पेटी माझ्या हातात होती. दादा भिंत खरवडत होते, तुम्ही चौकटीपाशी उभे होतात, मातीचे पापुद्रे चटयांवर पडत होते, आणि मी ती पेटी छातीशी धरून गप्प उभी होते. तुमच्या नावाने आणलेली माफीची मिठाई. पेटीचा कागद माझ्या घामाने भिजला होता.

तेव्हा मी मामंजींना घाबरत होते. चार वर्षांनी मामंजी गेले. तुम्ही आलात, शेवटच्या रांगेत बसलात, धूप घातलात आणि कुणाशी न बोलता गेलात. त्यानंतर अठरा वर्षं मी कुणाला घाबरत होते, हे मला सांगता येत नाही. गप्प राहायची सवय लागली होती, एवढंच.

आता तुमच्या चार पानांबद्दल. तुम्ही खोटं का लिहिलंत ते मला कळतं. बावीस वर्षं सिमेंट ओतलेल्या माणसाला कुणी येऊन सांगितलं की तुझ्या हातून सोनं झालं होतं, तर तो नाही कसा म्हणेल? मी रागावलेली नाही. मला रागवायचा हक्क कुठे आहे? पण सप्टेंबरात तुम्ही आला असतात, मूठभर कीस अंदाजाने घातला असतात, आणि तुमच्याही फळ्यांना गोवर आला असता. ओकुनोबाईंसमोर. दादांसमोर. दुसऱ्यांदा. ते मला बघवणार नव्हतं.

ती चाळण अजून आहे. दादा फळ्या धुऊन बसले त्यानंतर मी गुपचूप एक फळी केली आणि न्हाणीघरात बंबामागे वाफेत ठेवली. काल काढून पाहिली. ठिपका पसरतोय. कडेला तांबूस, मग विरलेला. भट्टीची जळकी भुकटी लागते, भाऊजी, बारीक पिठासारखी. ताजा कीस नाही. कृती तुम्हाला सांगून झाली. आता यायचं की नाही ते तुम्ही बघा.

मित्सुए


हिनो, १६ जुलै

भाऊजी,

तुमचं उत्तर नाही. येईल असं धरूनही चालले नव्हते, तरी टपालवाल्याची सायकल वाजली की मी दारात.

मागचं पत्र टाकलं त्याच संध्याकाळी मी दादांना सांगितलं. फळी समोर ठेवली, चाळण ठेवली, मामंजींची फाटकी चाळणही ठेवली. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं. बराच वेळ भोकातून बोट आतबाहेर करत राहिले. मग म्हणाले, "तोकुजीला लिहिलंस?" मी म्हटलं, आज सकाळीच टाकलं. तर म्हणाले, "आधी त्याला, मग मला."

एवढंच. कोनाड्यातलं पत्र उचलून त्यांनी खिशात घातलं आणि शेडमध्ये गेले. त्यानंतर आजवर ते माझ्याशी बोललेले नाहीत. काही लागलं की बोट दाखवतात. चहाकडे, मिसोच्या बरणीकडे, छत्रीकडे. मी उत्तरं देत राहते, एकटीच, रेडिओसारखी. एकदा मला वाटलं माहेरी जावं, मग आठवलं की माहेरी आता कुणी नाही आणि भट्टीवर किराणा दुकान झालंय.

विसाव्या दिवशी मी पडवीत शेंगा सोलत होते. आत फोन फिरवल्याचा आवाज आला. दादा कुणाशी तरी बोलायला लागले, आधी तुटक. मग मला ऐकू आलं, "काय रे, मूठभर लोखंड? अंदाजाने?" पलीकडून तुम्ही काय म्हणालात ते कळलं नाही. दादा हसायला लागले. त्यांना श्वास पुरेना. मला वाटलं खोकला लागला, मी पाणी घेऊन उठले, तर दारातून दिसलं की ते डोळे पुसतायत. मी पाणी घेऊन तशीच मागे फिरले.

पाऊण तास बोललात. माझं नाव बरेचदा आलं. चांगल्या कारणाने आलं नसणार.

भाऊजी, मला आनंद झाला, अगदी मनापासून झाला, आणि खूप एकटंही वाटलं. दोन्ही लिहून ठेवते. तुम्हा दोघांचं भांडण मिटलं कारण दोघांना रागवायला एक तिसरं माणूस सापडलं. सापडलं ते बरंच झालं. बावीस वर्षं उशिरा सापडलं एवढंच वाईट.

सप्टेंबरात माती लागेल. मी चाळून ठेवते. दादांनी बोट दाखवून तेवढं सांगितलंय.

मित्सुए


हिनो, ९ नोव्हेंबर

भाऊजी,

तुम्ही आलात, चार दिवस राहिलात, आणि गेलात. स्टेशनजवळच्या खाणावळीत उतरलात, घरी नाही. जेवणाचे डबे मी पाठवले ते रिकामे परत आले, धुतलेले. तुमच्याकडून निरोप नाही. मी निरोप मागायला तरी कशी येऊ?

एकदाच समोरासमोर आलो. तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गोणी न्यायला अंगणात आलात. केस पांढरे झालेत तुमचे. मी वाकून नमस्कार केला, तुम्हीही केलात, दुकानदाराला करावा तसा. गोणीचं तोंड सोडून हात आत घातलात, चिमूट बोटांत चोळून पाहिलीत. आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "चाळण धुतली नाहीत ना, वहिनी?"

मी म्हटलं, नाही.

गोणी खांद्यावर टाकून तुम्ही गेलात. मी शेडमध्ये जाऊन दार लावलं आणि हसले की रडले ते मलाच कळलं नाही. तुम्ही मला वहिनी म्हणालात. वाटेत कुठल्या बाईला कुणी म्हणेल तसं बाई म्हणाला नाहीत.

भिंत लिंपताना मी लांबून पाहिली, बागेच्या फाटकातून. तुम्ही वरचा भाग, दादा खालचा. सांधा दिसू नये म्हणून दोघांना एका दमात पुढे सरकायचं होतं. तासभर फक्त माती आणि पाणी, माती आणि पाणी. एका ठिकाणी दादांचा हात थांबला, तुम्ही खाली वाकून त्यांची जागा पुरी केलीत आणि पुन्हा वर गेलात. ओकुनोबाई माझ्या शेजारी काठी टेकून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, बाई, हे दोघं भाऊ आहेत ना, मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या विसरल्यात. ते बरंच आहे.

काल मी दादांबरोबर तिकडे गेले. भिंत वाळलीय. साधी, पिवळसर, कोरी. एक ठिपका नाही. बाईंच्या मुलाने विचारलं, ठिपके कधी येणार. दादा म्हणाले, चाळणीत भुकटी आता थोडीच उरली होती, तेव्हासारखे चार महिन्यांत फुटायचे नाहीत; थोडे पाचेक वर्षांत, चांगले दिसायला पंधरा. मुलाने आईकडे पाहिलं, मग दादांकडे. हिशेब सगळ्यांनाच येतो. ओकुनोबाई मात्र भिंतीसमोर बसून राहिल्या आणि म्हणाल्या, "मला दिसले नाहीत तरी चालेल. आत आहेत ना, बस."

घरी येताना दादा माझ्याशी बोलले. विषय काही नव्हता. मुळे यंदा जाड झालेत, लोणचं लवकर घाल, असं काहीतरी. मी रस्त्यातच थांबले, इतकं बरं वाटलं.

आता बसून तुम्हाला पाठवलेली सगळी पत्रं मनात उलटून पाहतेय. चाळण कशी फाटली ते लिहिलं. मिठाईची पेटी लिहिली. मला एकटं वाटलं तेसुद्धा लिहिलं. एक गोष्ट कुठेच लिहिलेली नाही. म्हणून आज लिहिते, मिठाईशिवाय, कुणाच्या मागे उभी न राहता. भाऊजी, तुमचं घर माझ्यामुळे सुटलं. मला माफ करा. नाही केलंत तरी मी हे मागायचं सोडणार नाही, दर वर्षी मागेन.

आणि पाच वर्षांनी त्या भिंतीवर पहिला डाग फुटेल, तेव्हा तो बघायला या. या वेळी चूक कुणाची ते आधीच ठरलेलं आहे. निर्धास्त घरी उतरा.

मित्सुए